पहिला सुवर्ण मार्जार महोत्सव

४ नोव्हेंबर, सोमवार

पाचवं उत्तर आलं! एक्केचाळीस परदेशी दिग्दर्शकांना पत्रं धाडली होती. छत्तीस जणांनी हूं की चूं केलं नाही, पण पाच जण आपला चित्रपट द्यायला तयार झाले. त्यातला एक तर स्वतः, स्वतःच्या तिकिटाने येणार आहे. आपला चित्रपट सगळ्या मोठ्या महोत्सवांनी परत पाठवला, असं त्याने प्रामाणिकपणे कळवलंय. मी उलट टपाली लिहिलं की आमचं धोरण स्वतंत्र आहे.

म्हणजे आता ठरलं. आमच्या थिएटरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. २७ नोव्हेंबर ते १ डिसेंबर, रोज संध्याकाळी एक खेळ. मी आजवर एकाही महोत्सवाला गेलेलो नाही. पण माझ्याकडे बत्तीस वर्षांची कात्रणं आहेत आणि कान, व्हेनिस, बर्लिन मला आमच्या गल्लीपेक्षा जास्त पाठ आहेत. गल्लीत नवा गतिरोधक झालाय, हे मला परवा सायकलवरून आपटल्यावर कळलं.

जेवताना ताईला सांगितलं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी अठ्ठावन्नचा झालो तरी तिच्या लेखी अजून 'छोट्या'च आहे. तिने शांतपणे घास गिळला आणि विचारलं, "बघायला कोण येणार? तू आणि ऑपरेटर?"

"जाणकार येतील."

"गेल्या शुक्रवारी नऊ जाणकार आले होते. त्यातले दोघं घोरत होते. त्या गादीवाल्यांना देऊन टाकू या, छोट्या. लोकांना झोपायचंच असेल तर निदान नीट झोपू दे."

गादीवाल्यांना आमच्या थिएटरात गाद्यांचं मोठं दुकान काढायचंय. त्यांचे कागद वर्षभर आमच्या कपाटावर पडून आहेत. थिएटर आम्हां दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे सह्याही दोघांच्या लागतात. ताईने केव्हाच केली असती. मी पेन सापडत नाही, चष्मा सापडत नाही असं करत वर्ष ढकललं.

आज मात्र तिने अट घातली. "पाच दिवसांत एकदा, एकदाच, तीनशे बाराच्या तीनशे बारा खुर्च्या भरून दाखव. मी तो कागद फाडते. नाही भरल्या तर दोन तारखेला सही करायची. मुकाट्याने. पेन मी देईन."

मी हो म्हणालो.

५ नोव्हेंबर, मंगळवार

प्राण्याचा प्रश्न. व्हेनिसकडे सिंह आहे, बर्लिनकडे अस्वल, लोकार्नोकडे बिबट्या, रॉटरडॅमकडे वाघ. कानने तेवढं पानावर भागवलंय, पण कानचं सगळंच चालून जातं. आमच्या थिएटरात प्राणी दोनच: उंदीर, आणि उंदरांसाठी ठेवलेली मांजर. आमचा ऑपरेटर तीस वर्षं प्रोजेक्टर चालवतोय आणि दिवसाला चार वाक्यं बोलतो. त्यातलं एक त्याने आज उंदराच्या बाजूने खर्च केलं, कारण ते संख्येने जास्त आहेत. मी मांजर निवडली. सिंह, वाघ, बिबट्या ही शेवटी मांजराचीच भावकी. पुरस्काराचं नाव 'सुवर्ण मार्जार'.

ताई म्हणाली, "सरळ मांजर म्हण. लोकांना वाटेल खोकल्याचं औषध आहे."

९ नोव्हेंबर, शनिवार

नुसते पाच चित्रपट दाखवले तर तो महोत्सव नव्हे, तो आठवडा. प्रत्येक मोठ्या महोत्सवाची एक खोड असते. कानला लाल गालिच्याच्या पायऱ्या, आणि चित्रपट संपला की उभं राहून टाळ्या. त्या किती मिनिटं वाजल्या हे घड्याळ लावून मोजतात आणि दुसऱ्या दिवशी छापतात. व्हेनिस वयाने सगळ्यांत वडील, आणि चहूकडे पाणी. लोकार्नोत संध्याकाळी गावच्या चौकातच पडदा लावतात, हजारो माणसं उघड्यावर बसतात. बर्लिनला ऐन थंडीत साधी माणसं तिकिटासाठी रांगा लावतात आणि बाहेर पडल्यावर राजकारणावर भांडतात. टोरांटोत सगळ्यांत मोठा मान प्रेक्षकांच्या मताला. दिवस पाच, महोत्सव पाच. रोज एकाची खोड उचलायची!

ताई म्हणाली, "सगळं दुसऱ्याचं. आपलं काही आहे का?"

"आपलं मांजर आहे," मी म्हणालो. ती उठून ताटं उचलायला लागली, म्हणजे तिला पटलं असावं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

चित्रपटांखाली इंग्रजी ओळी येतात, पण आमचे प्रेक्षक पहिली वाचेपर्यंत तिसरी आलेली असते. म्हणून मी सगळे संवाद आपल्या भाषेत उतरवतोय. पडद्यावर माणसं बोलत असताना ते माइकवरून वाचायचे. भाषांतर मनासारखं उतरतंय. भाषा भारदस्त ठेवलीय.

आज तालीम केली. मी वाचलं. सातव्या मिनिटाला मला खोकला आला आणि नवव्या मिनिटाला ऑपरेटरला झोप. जागा झाल्यावर तो म्हणाला, "मालक, काखेत कळसा आणि गावाला वळसा."

त्याचा रोख ताईकडे होता. ताईने बसस्टँडवर चौतीस वर्षं घोषणा केल्या आहेत. कुठली बस कुठून सुटणार, कुठली रद्द झाली, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडतंय. माइकवर ती असताना कुणाची बस चुकली नाही, असं अजूनही लोक सांगतात. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाली तेव्हापासून घरीच असते. पण तिला चित्रपटात गम्य नाही, म्हणून मला ते सुचलं नव्हतं.

विचारलं. तिने आधी हातातली भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, "माझं काय काम त्या खोलीत?" आणि थोड्या वेळाने, "माइक कुठलाय?"

"जुनाच."

"उंदरांनी वायर खाल्ली नाही ना, बघितलंस?"

म्हणजे होकार. संध्याकाळी ती वर प्रोजेक्टरच्या खोलीत आली, तेव्हा हातात ड्युटीवरची जुनी पाण्याची बाटली आणि मनगटावर ड्युटीचं घड्याळ. माझ्या लक्षात आलं की त्या खोलीत ती आयुष्यात पहिल्यांदा येत होती. मला बाबा आठव्या वर्षापासून नेत. तिला उकडेल म्हणून नेत नसत. तिला आवडही नव्हती म्हणा. लहानपणी त्या दाराबाहेरच्या पायरीवर तासन्‌तास बसून राहायची, पण आत येऊ का, असं कधी विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शेवटच्या दिवशीचा चित्रपट हाती घेतला. हा त्या पाहुण्याचा, सगळीकडून परत आलेला. त्यावर ओळी छापलेल्याच नाहीत. त्याने संवादांची यादी वेगळी पाठवलीय, कागदाच्या एकाच बाजूला छापलेली. मागची बाजू कोरी होती, तिथेच मी भाषांतर लिहून काढलं. कागद वाया घालवायचा नाही, हा बाबांचा शिरस्ता.

चित्रपट थोर आहे. एक म्हातारा आणि एक म्हातारी, नवरा-बायको, एका लहानशा धक्क्यावर राहतात. ती रोज संध्याकाळी बोटींना दिवा दाखवते. उरलेला वेळ दोघं जाळी दुरुस्त करतात. शेवटची वीस मिनिटं तर कळस आहे. दोघं समोरासमोर बसून फक्त गाठींबद्दल बोलतात. दुहेरी गाठ, सैल गाठ, ओली गाठ. किती सूक्ष्म!

ऑपरेटर मांजर घडवतोय. प्लास्टरला सारखे तडे जातात, म्हणून त्याने कागदाचा लगदा भरायचं ठरवलं. टेबलावरची रद्दी घ्या, म्हटलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मांजर झालं. सोनेरी रंग फर्मास बसलाय. कान जरा लांब झाल्यामुळे समोरून ससा वाटतो, पण बाजूने बघितलं तर मांजरच. निदान ससा तरी वाटत नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार. कान

लाल गालिचा मिळाला नाही. शेवटी गादीवाल्यांनीच कापड दिलं, खोळीचं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं. आमच्या सात पायऱ्यांवर ते अंथरल्यावर वरून कुणीतरी झोपणार आहे असं वाटत होतं. प्रमुख पाहुणे म्हणून शाळेचे खेळाचे शिक्षक आले, कारण स्टॉपवॉच त्यांचं आहे.

प्रेक्षक तेवीस.

दिवे मालवले आणि ताईचा आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." सगळे हसले. सवयीचा परिणाम, तेही मी समजून घेतलं. चार मिनिटं तिने माझं भाषांतर नीट वाचलं. मग नायिका रडू लागली. नायकाच्या तोंडी मी लिहिलं होतं, 'हे सखे, तव नेत्रांतील विषाद मजला दग्ध करीत आहे.' ताई एक क्षण थांबली आणि म्हणाली, "रडतेस काय अशी? जेवलीस का?"

मला दरदरून घाम फुटला. पुढे एक गृहस्थ नायिकेशी गोड बोलू लागला, तर ताईने त्याचं वाक्य वाचून झाल्यावर स्वतःचं जोडलं, "खोटं बोलतोय हा." आणि माइक चालू!

टाळ्या चौदा सेकंद. त्यातले नऊ ऑपरेटरचे.

घरी जाताना मी म्हणालो, "लिहिलंय तसं वाच, ताई."

"छोट्या, ती बाई रडत होती. रडणाऱ्या बाईशी असं कोण बोलतं? दग्ध म्हणे. अशाने ती आणखी रडेल."

कला आणि व्यवहार यांतला हा जुना झगडा आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार. व्हेनिस

व्हेनिससाठी मी काही योजलं नव्हतं, पण दुपारी गच्चीवरची टाकी फुटली आणि पुढच्या दालनात घोट्यापर्यंत पाणी झालं. लोकांना फळ्यांवरून आत घेतलं. ताई म्हणाली, "झालं तुझं व्हेनिस."

प्रेक्षक एक्केचाळीस. कालचे तेवीसच्या तेवीस परत आले आणि बरोबर कुणाकुणाला घेऊन आले. जाणकारांचं हे असं असतं, एकदा दर्जा कळला की सोडत नाहीत. गादीवालेही आले, मोजपट्टी घेऊन, भिंती मोजायला. अगदीच निर्लज्ज माणूस. खेळ संपेपर्यंत तिथेच उभे होते, पट्टी हातात आणि तोंड उघडं. छताची उंची नजरेने मोजत असावेत.

ताईने आज खलनायकाच्या आईला दोन वाक्यं जास्त दिली. ती बाई पडद्यावर पाठमोरी होती, म्हणून खपलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार. लोकार्नो

थिएटरमागच्या सायकल स्टँडमध्ये चादरी शिवून पडदा लावला. वाऱ्याने नायकाचं तोंड सारखं फुगत होतं. बाहेरच्या कर्ण्याचा आवाज कमी करायचं बटण गंजलेलं, त्यामुळे ताईचा आवाज भिंत ओलांडून तीन गल्ल्यांत गेला. अर्ध्या तासात आजूबाजूच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, गच्च्या भरल्या. तिसऱ्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "अहो ताई, कोण मेलं? मी दूध उतरवायला गेले होते!"

ताईने चित्रपट न थांबवता माइकवरून सांगितलं, "सासरा. नवरा आहे अजून."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण खुर्च्यांवर सत्त्याण्णव माणसं होती, आणि गच्च्यांवर किती ते मोजवेना. उघड्यावर चित्रपट दाखवण्यात काय ताकद आहे, हे आज मला समजलं. लोकार्नोवाले उगीच नाही इतकी वर्षं तो चौक सोडत.

३० नोव्हेंबर, शनिवार. बर्लिन

रांग! साडेचार वाजल्यापासून रांग! एकशे अठ्ठ्याऐंशी माणसं. मी रांगेवरून दोनदा उगीचच चालत गेलो.

खेळानंतर बर्लिनच्या धर्तीवर चर्चा ठेवली होती. 'सत्ता आणि कॅमेऱ्याची चौकट' यावर मी अकरा मिनिटं बोललो. मग प्रश्न विचारा म्हटलं, तर पहिलाच हात वर करणारा माणूस मागे वळला आणि वर प्रोजेक्टरच्या खिडकीकडे बघून म्हणाला, "ताई, त्या पोराला शेवटी नोकरी लागली का?"

"लागली," वरून आवाज आला. "पण बदली झाली."

चित्रपटात असं काहीही नाही. चित्रपट पोरगा खिडकीतून बाहेर बघतो तिथे संपतो. पुढचे सगळे प्रश्न तिलाच, आणि लोक समाधानाने घरी गेले.

आज मात्र मी बोललो. उद्या तो पाहुणा पुढच्या रांगेत बसणार, त्याचं आयुष्य त्या चित्रपटात आहे. "उद्या एक शब्द इकडचा तिकडे झालेला चालणार नाही," मी म्हणालो. "थिएटर मी चालवतो. चित्रपट मला कळतात. तू फक्त वाच."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. बाटली विसळून पालथी घातली आणि आत गेली.

एकदाचं स्पष्ट बोलून टाकलं, बरं झालं. जेवण मात्र गेलं नाही.

१ डिसेंबर, रविवार. टोरांटो

क्रमाने लिहितो, नाही तर काहीतरी राहील.

पाहुणा दुपारी आला. उंच, जरा वाकलेला, बॅगेला दोरी बांधलेली. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी यांची फारशी ओळख नाही, पण हातवाऱ्यांनी भागलं. आमच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायऱ्यांपाशी तो थबकला. त्याच्यासाठी आजवर कुणी काही अंथरलं नव्हतं. त्याने चपला काढल्या आणि अनवाणी वर गेला.

सहा वाजता ऑपरेटरने खुर्च्या मोजल्या. तीनशे अकरा भरल्या होत्या. एक रिकामी, मधल्या रांगेच्या टोकाला. मी रस्त्यावर जाऊन आलो, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. गावातलं प्रत्येक माणूस आतच होतं. परत आलो तर भिंतीला टेकून गादीवाले उभे, हातात पट्टी. त्यांना बसा म्हणणं म्हणजे त्यांना त्यांच्याच हाताने कागद फाडायला लावणं, म्हणून मी बोललो नाही. ताई वरून सगळं बघत होती. दिवे मंद झाले. गादीवाल्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पट्टी खिशात घातली आणि त्या खुर्चीत जाऊन बसले.

तीनशे बारा! थिएटर भरलं होतं. आता फक्त पाहुण्याची लाज राखायची.

ताईने दिलेला शब्द पाळला. दीड तास तिने माझं भाषांतर जसंच्या तसं वाचलं, काना-मात्रेचा फरक नाही. 'अहो, जाळे जीर्ण झाले आहे.' 'होय प्रिये, सागर निष्ठुर आहे.' पहिल्यांदाच माझे शब्द शुद्ध स्वरूपात लोकांच्या कानी पडत होते. लोक खोकू लागले, खुर्च्या करकरू लागल्या. थंडी पडलीय सध्या. पाहुणा मान खाली घालून बसला होता. तिकडेही लोक असेच खोकायचे, असं त्याने मला नंतर हातवाऱ्यांनी सांगितलं.

मग शेवटचा प्रसंग आला. म्हातारा-म्हातारी समोरासमोर बसली, ओठ हलू लागले, आणि वरून आवाज येईना. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. ताई मोकळ्या हातांनी बसली होती.

"पुढची पानं नाहीत."

"नाहीत म्हणजे? टेबलावर होती!"

ऑपरेटरने मांजराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "रद्दी घ्या म्हणालात, मालक."

मूळ यादी आणि भाषांतर एकाच कागदाच्या दोन बाजूंना, आणि ते कागद मांजराच्या पोटात. हे सगळं माइकवरून खाली ऐकू गेलं, कारण तीनशे बारा माणसं एकदम हसली.

ताईने माइकवर हात ठेवला. "काय बोलतात ते? तुला आठवत असेल ना?"

"गाठी," मी म्हणालो. "दुहेरी गाठ... सैल गाठ..." एक ओळ आठवेल तर शपथ. खाली म्हाताऱ्याचे ओठ हलतच होते. पाहुणा मागे वळून वर बघत होता. मी ताईचा हात माइकवरून काढला. "तू बोल. तुला वाटेल ते बोल, पण बोल."

ती घोटभर पाणी प्यायली. आणि बोलायला लागली.

सगळं आठवत नाही, आठवतं तेवढं उतरवतो. ती म्हातारी झाली आणि म्हणाली, "चौतीस वर्षं मी दिवा दाखवला. कोण कुठे जाणार ते मी सांगितलं. सगळे गेले. तू एकदा तरी विचारलंस का रे मला, की तुला कुठे जायचंय?" मग म्हातारा काही बोलला, त्याचं तिने असं केलं, "मला वाटलं तुला आवड नाही." आणि म्हातारी, "आवड नव्हती म्हणून का मी पायरीवर बसत होते? दार उघडं होतं. आतून कुणी ये म्हणालं असतं तर आले असते." मग म्हातारा जाळं खाली ठेवतो तिथे ती म्हणाली, "उकडलं असतं मला. चाललं असतं."

माझे आक्षेप नोंदवून ठेवतो. एक, दीड तास ज्याला ती 'अहो' म्हणत होती त्याला एकदम 'अरे' म्हणू लागली. नवऱ्याचा सरळ धाकटा भाऊ करून टाकला! दोन, त्या चित्रपटात पायरी नाही. तीन, दारही नाही, ते उघड्यावर बसलेत. पण प्रेक्षकांपैकी कुणालाही यातलं काही खटकलं नाही. खोकला थांबला होता. खेळाचे शिक्षक रुमालात नाक शिंकरत होते. ऑपरेटर प्रोजेक्टरकडे न बघता माझ्याकडे बघत होता, का ते कळलं नाही.

टाळ्या सहा मिनिटं चाळीस सेकंद. स्टॉपवॉचची नोंद आहे. सगळे उभे, आणि सगळे पडद्याकडे पाठ करून वरच्या खिडकीकडे तोंड केलेले. मी धावत खाली आलो, पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं की भारावलेल्या माणसाने पडद्याकडे पाठ करायची, ही आमची पद्धत आहे. तोही वळून खिडकीकडेच टाळ्या वाजवत होता.

२ डिसेंबर, सोमवार

ताईने सकाळी कपाटावरचा कागद काढला, माझ्यासमोर चार तुकडे केले आणि म्हणाली, "घे. शब्द म्हणजे शब्द." मग ती भांडी घासायला लागली. मी उड्या मारायच्या बेतात होतो, पण तिची पाठ बघून थांबलो.

काल खेळानंतर टोरांटोसारखी प्रेक्षकांची मतं घेतली होती, ती मोजली. पाच चित्रपटांना मिळून एकोणचाळीस. उरलेल्या दोनशे त्र्याहत्तर चिठ्ठ्या बाद, कारण त्यांवर चित्रपटाचं नावच नाही, 'ताई' एवढंच लिहिलंय. कुणी 'माइकवाल्या ताई', कुणी 'बसस्टँडच्या ताई'. एका चिठ्ठीमागे गादीच्या मापांचं गणित होतं.

"नियमाप्रमाणे बाद," मी म्हणालो.

ऑपरेटर म्हणाला, "मालक, दोनशे त्र्याहत्तर माणसं एकच चूक करत नाहीत."

पाहुणा निरोप घ्यायला घरी आला. मी मांजर त्याच्या हातात दिलं, त्याने ते छातीशी धरलं, सरळ स्वयंपाकघरात गेला आणि ताईच्या ओल्या हातांत ठेवलं. तिला खाली वाकून काहीतरी म्हणाला, त्याच्या भाषेत. तिनेही मान हलवली. मी विचारलं काय म्हणाला, तर म्हणाली, "मला काय माहीत? पण बरोबर होतं."

३ डिसेंबर, मंगळवार

आज भाजी निवडताना एकदम माझा हात थांबला. चौतीस. त्या म्हातारीने किती वर्षं दिवा दाखवला, हे चित्रपटात कुठेही सांगितलेलं नाही. मी स्वतः भाषांतर केलंय, मला नक्की आठवतं. मग हा आकडा आला कुठून?

आणि पायरी. आणि दार.

मला लाज वाटली. साधीसुधी नाही, कानाच्या पाळ्या गरम होण्याइतकी. आठव्या वर्षापासून मी त्या खोलीत जातोय आणि ती पायरी ओलांडून जातोय, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की तिथे बसलेल्या माणसाला सरकून घ्यावं. परवा जिच्या जोरावर थिएटर भरलं, तिला आदल्याच दिवशी मी 'तू फक्त वाच' म्हणालो होतो. बत्तीस वर्षांची कात्रणं! जगातल्या प्रत्येक महोत्सवाची खोड मला पाठ, आणि घरातलं एक माणूस पाठ नाही.

ताई खिडकीपाशी बसली होती. मांजर दाराला लावलेलं, वाऱ्याने आपटू नये म्हणून. क्षमा मागितली असती तर तिने हात झटकला असता. शेवटी म्हणालो, "ताई, येत्या शुक्रवारी कोणता चित्रपट लावू या?"

तिने चष्मा काढला. पुसला. परत घातला. परत काढला.

"चौसष्ट वर्षांची झाले मी," ती म्हणाली. "केवढा वेळ लावलास रे, छोट्या." मग उठली, ट्रंक उघडली, खालून एक वही काढली. बसस्टँडची ड्युटीची वही, कडा खाल्लेली. उघडली तर बसच्या वेळा कुठेच नाहीत. पानोपानी चित्रपटांची नावं. आपलं थिएटर आपल्या हातात असतं तर काय लावलं असतं, त्याची यादी, वर्षानुवर्षांची. पहिल्या पानावर शाळेच्या वहीतलं एक पिवळं पान चिकटवलेलं, त्यावरचं अक्षर शाळेतल्या मुलीचं होतं.

मला नीट दिसेना. वही जवळ घेऊन मी वाचायला लागलो, पण दुसऱ्याच नावाला माझा आवाज फाटला.

"दे इकडे," ताई म्हणाली. "मी वाचते."